चौसष्ट व्होल्ट

८६

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दुपारी कुणी झोपत नाही, नुसतं पडून राहतात. यार्डात शंटिंग चालू असतं. डब्यावर डबा आदळला की मांडणीतली भांडी एकमेकांशी बोलतात. मच्छिंद्र ओहोळ मूळचा शिरूरचा, आणि शिरूरला रेल्वे नाही. पण तार-सिग्नलच्या खात्यातल्या चौदा वर्षांत हे आवाज त्याच्या अंगात मुरले होते. तार कुठं तुटली ते हा माणूस खांबाला कान लावून सांगतो, अशी त्याची ख्याती होती. ती खोटी होती, तो मीटर लावून सांगायचा. पण ख्याती त्यानं कधी खोडून काढली नव्हती.

१९७४ च्या मार्चमधल्या एका रविवारी तो खिडकीपाशी टेबलावर वाकून बसला होता. समोर पत्र्याच्या चेसीवर त्यानं स्वतः जोडलेलं यंत्र होतं. माईकमधून येणारा बारीक आवाज दोन व्हॉल्व्हमधून नेऊन मोठा करायचा आणि कर्णा वाजवणाऱ्या अँप्लिफायरच्या हवाली करायचा, एवढंच त्याचं काम. शिरूरच्या त्यांच्या वस्तीत वीज पोचलेली नव्हती, म्हणून सगळं बॅटरीवर. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टचा सेल आणि त्यांना कामाला जुंपायला नव्वद व्होल्टची विटेएवढी बॅटरी. ती पुण्याच्या दुकानात पडून पडून शिळी झालेली मिळाली होती. मीटर शहाऐंशी दाखवत होता.

व्हॉल्व्ह फुकटचे होते. घोडनदीकाठच्या त्याच्या आजोळी चावडीवर एक रेडिओ होता. पंचायतीनं तो भंगारात काढला तेव्हा त्यानं उचलून आणला. पोरवयात हाच रेडिओ त्यानं आक्काला चिकटून ऐकला होता. चावडीच्या कट्ट्यावर बसून ऐकायची त्यांच्या लोकांना सोय नव्हती. रस्त्यापलीकडं बाभळ होती, तिच्याखाली उभं राहायचं. वारा पडला की शब्द कळायचे. सुटला की नुसती गुणगुण.

आक्का म्हणजे जाईबाई, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, पण चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीत वस्तीच्या गायन पार्टीचं पहिलं गाणं सतरा वर्षं तिचं. थंडीत तिच्या घशातली गाठ पुण्यात कापून काढली. आवाज राहिला तो चुलीवरच्या फुंकरीएवढा. जोर केलात तर आतली शीर फुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पार्टीतल्या लोकांचं आता हळूहळू सुरू झालं होतं, की यंदा दुसऱ्या बाईला उभं करावं, जाईला काय, मान म्हणून खुर्ची देऊ.

ती दौंडला आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मच्छिंदर, तू तारेतनं लोकांचं बोलणं कुठल्या कुठं नेतूस. माझं तेवढं चौथ्या रांगेच्या फुडं ने."

म्हणून हे यंत्र.

त्यानं हेडफोन कानाला लावले आणि माईकवर नखानं टिचकी मारली. टक् ऐकू आलं. स्वच्छ. बॅटरीच्या यंत्रात विजेची घुरघुर नसते, त्यामुळं त्या टक्-च्या आजूबाजूला रान मोकळं होतं. त्यानं पुन्हा टिचकी मारली आणि त्याचं नख माईकला लागायच्या आधी, पापणी लवेल एवढं आधी, टक् झालं.

त्यानं वहीत लिहिलं: आवाज दुहेरी येतो. कंडेन्सर बदलून पाहणे.


८२

कंडेन्सर बदलून झाले. व्हॉल्व्हची अदलाबदल झाली. सगळ्या जोडांना नव्यानं कथलाचे डाग देऊन झाले. संध्याकाळच्या दोन-दोन तासांच्या खटपटीत बॅटरी उतरली आणि टिचकीतलं अंतर मात्र वाढलं. आता तो बोट उचलायचा, टक् व्हायचं, मग बोट खाली यायचं. बोट मधेच थांबवायचं, त्याला एकदा वाटलं. थांबवून पाहिलं. त्या वेळी टक् झालंच नव्हतं.

त्याची बायको अंजना यंत्राला हसायची. वन्संच्या गळ्यासाठी एवढा संसार मांडलाय, एकदा मला तरी ऐकवा, म्हणाली. त्यानं तिच्या कानाला हेडफोन लावून दिले. ती थोडा वेळ स्वतःशीच हसत बसली, आणि मग तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"काय पडलं हो?"

काही पडलं नव्हतं. मांडणीवर सगळं जागच्या जागी होतं. मग यार्डात डबा आदळला, वरच्या फळीवरची पितळी पातेली सरकली, कडेला आली आणि खाली पडून घरभर घरंगळली.

अंजनानं हेडफोन काढले. वायरीची नीट गुंडाळी केली, टेबलावर ठेवली आणि पातेली उचलायला गेली. पातेलीला पोचा आला होता. तो पोचा ती पदरानं बराच वेळ पुसत राहिली.

"वन्संच्या तोंडासमोर हे नका धरू," ती तिकडूनच म्हणाली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. टेबलाजवळून जाताना मात्र ती बांगड्या हातानं धरून जाऊ लागली.


७७

दोष शोधायची एक रीत असते. शेवटापासून सुरुवात करायची आणि एकेक टप्पा मुका करत मागं यायचं. ज्या टप्प्यावर आवाज बंद पडतो, दोष त्याच्या पाठीमागं. मच्छिंद्रनं दुसरा व्हॉल्व्ह मुका केला, सगळं शांत. पहिला केला, शांत. माईकची तार काढली, शांत. तार जोडली की पुन्हा तेच. म्हणजे यंत्र निर्दोष होतं. जे येत होतं ते माईकमधून येत होतं, आणि माईकच्या पलीकडं दौंड होतं.

दौंडमध्ये दुपारी दोन दहाला बारामतीची छोटी गाडी सुटते. तिच्या इंजिनाची शिट्टी किरटी, चिडक्या पोरासारखी. मोठ्या गाड्यांच्या भोंग्यांत ती कुणीही ओळखावी. त्या दिवशी ती हेडफोनमध्ये वाजली तेव्हा मच्छिंद्रच्या घड्याळात दोन वाजून आठ मिनिटं आणि तीस सेकंद झाले होते. त्यानं हेडफोन उतरवले आणि खिडकीशी उभा राहिला. दीड मिनिटानं खरी शिट्टी झाली.

भिऊन उपयोग नव्हता. त्यानं तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर आलेख काढायला घेतला. खाली व्होल्ट, उभं अंतर. नव्वदला अंतर शून्य यावं. शहाऐंशीला पापणीएवढं. ब्याऐंशीला दोन-तीन सेकंद. सत्त्याहत्तरला दीड मिनिट. बॅटरी जितकी मरगळत होती तितका आवाज लांबून येत होता. लांबून म्हणजे कुठून, या प्रश्नाला त्याच्या खात्यात फॉर्म नव्हता.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी होती. बॅटरी ताजी असली की यंत्र शहाण्यासारखं वागेल. त्यानं पुण्याला नव्या बॅटरीसाठी माणूस धाडला.


६९

शुक्रवारी, पाच एप्रिलला, त्यानं हेडफोनमध्ये शेजारच्या फिटरचं आणि त्याच्या सासूचं भांडण ऐकलं. भांडण साखरेवरून होतं. शनिवारी त्याच वेळी ते प्रत्यक्ष झालं. सासूबाईंनी शेवटी मारलेला टोमणासुद्धा शब्दाला शब्द.

म्हणजे एक दिवस.

त्यानं आलेखावर तो ठिपका दिला आणि पेन्सिल तिथंच टेकवून विचार करत बसला. जयंती आठ दिवसांवर आली होती. नवी बॅटरी येईलही, पण हे यंत्र आक्काच्या तोंडासमोर धरायचं की नाही? न धरावं तर तिला खुर्ची मिळणार आणि ती त्या खुर्चीत बसून वर्षभर आतून सुकणार. धरावं तर अंजना पदरानं पुसत राहिली ती पातेली आठवत होती.

आक्काला गाताना आधी ऐकता आलं तर? ती चौथ्या रांगेच्या पुढं पोचली की नाही, हे कळलं तर?

त्यानं यंत्र चालू करून ठेवलं आणि रात्रभर बंद केलं नाही.


६४

रविवारी दुपारी हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. नखानं टिचकी मारून पाहण्यात अर्थ नव्हता, तो आवाज कधीच येऊन गेला असणार. तो बसून राहिला. खिडकीबाहेर इंजिन वाफ सोडत होतं, डबे आदळत होते, लांबून आल्यासारखा एक मालगाडीचा भोंगा रेंगाळत होता. कानावरच्या गाद्यांतून हे सगळं दबकं ऐकू येत होतं, आणि आत, हेडफोनमध्ये, त्यातलं काही नव्हतं. एक कोकिळा मात्र होती. ती थांबून थांबून ओरडत होती.

मग लाकूड करकरलं.

मग त्याचा स्वतःचा आवाज आला, अगदी माईकजवळून:

"आक्का, बोल. हळूच बोल. यंत्र ऐकतंय."

त्यानं श्वास धरून वाट पाहिली. कोकिळा ओरडली. लाकूड पुन्हा करकरलं. आक्काचं उत्तर आलं नाही, आणि तेवढ्यात मीटरचा काटा आणखी खाली घसरला आणि सगळ्यावर एक खरखर चढली.

त्यानं हेडफोन काढले तेव्हा त्याचे कान घामानं भिजले होते. पण मन हलकं झालं होतं. यार्डाचा एवढाही आवाज नाही म्हणजे ही जागा दौंड नव्हे. चौदा वर्षांत दौंडचं यार्ड दिवाळीला थांबलं नव्हतं, की चीनच्या युद्धात थांबलं नव्हतं. इंजिन नाही ती जागा शिरूर. करकरलं ते स्टेजच्या फळीचं लाकूड. कार्यक्रमाच्या आधी तो माईक तपासतोय, आणि आक्का गळा राखायचा म्हणून तोंड मिटून उभी आहे. तिचा हट्टी स्वभावच तो.

आलेखावरची रेघ पुढं ओढून पाहिली तर ती आठवड्यावर थांबत नव्हती. पाच आठवड्यांच्या आसपास जात होती. मच्छिंद्रनं ती पाहिली आणि खोडरबरानं पुसली. इतकी वर्षं त्यानं मीटरवर काढली होती, पण त्या दिवशी तो लोकांना वाटायचा तसा वागला. त्यानं कानावर विश्वास ठेवला.

त्याच संध्याकाळी युनियनची सभा होती. मे महिन्यात संप करायचा का, असं विचारल्यावर सगळ्यांबरोबर त्यानंही हात वर केला.


९१

नवी बॅटरी जयंतीच्या आदल्या दिवशी आली. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत ती त्यानं मांडीवर घेऊन नेली.

वस्तीत पताका लागल्या होत्या. चार बाकं जोडून स्टेज केलं होतं, कर्णा लिंबाच्या झाडाला बांधला होता. पेटी वाजवणारे कोंडिबामामा, पार्टीतले सगळ्यांत म्हातारे, यंत्राभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, की पोरानं रेल्वेच्या पैशातनं शेगडी बनवलीय, हिच्यावर चहा तरी हुतो का बघा. माईक त्यांनीच तपासला. "हालो, हालो, कोंडिबा बोलतोय, म्हातारी ऐकत असंल तर भाकरी टाक." लोक हसले. आवाज वेळच्या वेळी आला, ना आधी ना नंतर.

तार आवळताना मच्छिंद्रच्या लक्षात आलं, की ते वाक्य आपण म्हटलंच नाही. मग म्हणू, असं मनाशी ठरवून तो कामाला लागला.

दिवेलागणीला आक्का पांढरं पातळ नेसून उभी राहिली. तिनं फुंकर घालावी तसं गाणं सुरू केलं आणि ते कर्ण्यातून मोठं होऊन वस्तीवर पसरलं, बाजारपेठेपर्यंत गेलं. पलीकडं नदीच्या पुलावर लोक थांबल्याचं नंतर कुणी कुणी सांगितलं. शेवटच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. आक्कानं गाता गाता भावाकडं पाहिलं. असं तिनं त्याच्याकडं याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, तो मॅट्रिक झाला तेव्हा.


८६

ही बॅटरीही शिळीच निघाली.

तिसऱ्या गाण्यात कोंडिबामामा पेटीवरून मान वर करून पुटपुटले, "जाई, दमानं घे. पेटीच्या फुडं पळू नगं." आक्का पळत नव्हती. मच्छिंद्रनं मीटर पाहिला. काटा शहाऐंशीवर होता.

चौथ्या गाण्याला आक्कानं श्वास घेतला. तिचे ओठ मिटलेले होते. कर्ण्यातून पहिला शब्द गेला.

लोकांना कळलं नाही. पापणीएवढं ते अंतर, त्यांनी टाळ्या दिल्या. पण आक्काला कळलं. तिनं गाणं धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. प्रत्येक शब्द तिच्या आधी झाडावर पोचत होता. तिनं वर कर्ण्याकडं पाहिलं. मग भावाकडं वळून ती म्हणाली, आणि तेही कर्ण्यानं तिच्या आधी म्हटलं:

"माझ्या तोंडातलं कोण काढून घेतंय?"

तिनं तळहातानं माईक बाजूला सारला. पदर खोचला. आणि सतरा वर्षं गात होती तशी, पोटातून, गळ्याच्या शिरा ताणून, गायली.

मच्छिंद्र उठला होता. दोन पावलं टाकली की तिचं तोंड हातानं मिटता आलं असतं. पण त्यानं ते ऐकलं होतं ना. त्याची हाक, करकरणारी फळी, ती शांतता. ते अजून घडायचं होतं. म्हणजे आज काही होणार नव्हतं. तो पुन्हा खाली बसला.

गाणं संपल्यावर आक्कानं पदर तोंडाला लावला. पदर पांढरा होता म्हणून सगळ्यांना दिसलं.


५९

डॉक्टरांनी तिचं बोलणं बंद केलं. एक शब्दही नाही. मच्छिंद्रनं तिला दौंडला आणलं आणि खिडकीखाली बाज टाकून दिली. हो म्हणायचं असलं की ती बाजेच्या लाकडावर एकदा बांगडी वाजवायची, नाही म्हणायचं असलं की दोनदा. पहिले काही दिवस ती बरीच बडबड करायची, अशी. पुढं पुढं कमी झाली.

आठ मेला संप सुरू झाला. फिटर आणि बाकीचे पकडले जाऊ नयेत म्हणून गावोगाव पांगले. मच्छिंद्र आक्कासाठी मागं राहिला.

रविवारी, बारा तारखेला, दुपारी अंजना बर्फ आणायला गेली. आक्कानं डोळे उघडले. तिनं टेबलावरच्या यंत्राकडं पाहिलं आणि बांगडी एकदा वाजवली. त्यानं विचारलं, ते हवं? पुन्हा एकदा वाजली.

तिला आपला आवाज ऐकायचा असेल. शेवटचं त्यानं तिच्यासाठी काय केलं होतं, ते आठवून त्याला नाही म्हणवेना. बॅटरी किती उतरली आहे हे न बघता त्यानं यंत्र लावलं. माईक तिच्या उशीवर, ओठांपाशी ठेवला. हेडफोन कानाला लावले. ते मुके होते. तो खाली वाकला.

"आक्का, बोल. हळूच बोल. यंत्र ऐकतंय."

बाहेर कोकिळा ओरडली.

बाज करकरली. तो टेकला होता, त्याच्याच वजनानं.

तो हलला नाही. त्यानं फक्त नजर उचलून खिडकीबाहेर पाहिलं. यार्डात इंजिनं एकामागं एक थंड उभी होती. कुठं वाफ नव्हती, की डबा हलत नव्हता. रुळांवर एक कुत्रं बसलं होतं. दौंडमध्ये कसलाही आवाज नव्हता.

तो वाट बघत राहिला. मागच्या वेळी त्यानं किती वेळ वाट पाहिली होती, तेवढी. कोकिळा पुन्हा ओरडली. बाज पुन्हा करकरली.

आक्काचे डोळे माईककडं होते. त्यानं तिच्या नाकाशी बोट धरलं. मग मनगट धरलं. मग बांगडी नीट सरळ करून ठेवली.

अंजना अजून आली नव्हती.

हेडफोन काढायचे त्याला सुचलं नाही. म्हणून त्यानं ऐकलं.

आधी शिट्टी. किरटी, चिडक्या पोरासारखी. बारामतीची गाडी सुटत होती.

त्यानं यार्डाकडं पाहिलं. कुत्रं तसंच बसून होतं.

मग, अगदी माईकजवळून, गाठ कापायच्या आधीचा, भरलेला, पुलापर्यंत जाणारा आवाज:

"मच्छिंदर, बोल. हळूच बोल. यंत्र ऐकतंय."

ती थांबली. तिला घाई नव्हती. तिच्या पाठीमागं गाडी लांब गेली.

मग बाज करकरली, आणि ती ज्याला बोल म्हणत होती त्यानं उत्तर दिलं नाही.